चोर नव्हे, राजीच बोलतेय

ती. अण्णा यांना,

राजीचा नमस्कार. म्हणजे खऱ्या राजीचा. अक्षर नीट बघून घ्या. 'र'ची शेपटी ओळीच्या पार खाली गेलेली आहे, तशी दुसरं कुणी ओढत नाही, आणि शाई काय फुकट येते का, असं त्यावरून मला तुमच्याशिवाय दुसरं कुणी बोललेलं नाही. तरीही शंका राहिलीच तर पुढे जागोजागी पुरावे देत जाईन. आईला नमस्कार सांगा. तिचा गुडघा कसा आहे? मोळी घेऊन ट्रॅक्टरच्या फळीवर चढताना दुखरा पाय आधी टाकू नको म्हणावं, आणि ऐकत नसेल तर आजीनं सांगितलंय म्हणावं (सासूचं नाव काढलं की निदान रागानं तरी ऐकते). पाचटाच्या कोपीत थंडी वाजत असेल तर निळी गोधडी कपड्यांच्या पोत्यात अगदी तळाला आहे. आईला वाटतंय ती घरीच राहिली. मी स्वतः कोंबली आहे. हा पुरावा पहिला. इकडे आजी ठणठणीत आहे, गोळ्या वेळेवर घेते आणि डॉक्टरला शिव्याही वेळेवर देते. चंपी शेळीही खुशाल आहे. तिच्याबद्दल मला जे बोलायचंय ते खाली येतंच आहे.

तुम्ही म्हणाल, फोन सोडून पत्र कशाला. सांगते. त्याचं असं झालं की हौदाच्या कठड्याला फोन टेकवून मी कपडे धुता धुता एक व्हिडिओ बघत होते, ईमेलला फाईल कशी जोडायची त्याचा. चंपीला त्या व्हिडिओत काय दिसलं देव जाणे, तिनं तोंड पुढं केलं, फोनचा वास घेतला, पसंत पडला नाही, आणि नाकानं ढकलून दिला सरळ हौदात. मी ओरडेपर्यंत बाई अंगणाच्या टोकाला जाऊन उभी, जणू या घराशी तिचा काही संबंधच नाही. भिजलेला फोन तांदळात ठेवायचा असतो, हे आजीनं कुठंतरी ऐकलेलं. पण तांदूळ घरात मूठभर, मग तिनं तो बाजरीच्या कणगीत पुरला, आणि वारा लागावा म्हणून आधी मला त्याचं सगळं उघडून ठेवायला लावलं. दोन दिवसांनी फोन निघाला तेव्हा चार्जिंगच्या भोकात बाजरीचे दाणे अगदी पेरल्यासारखे बसले होते, आणि सिमकार्ड नव्हतंच. ते अजूनही कणगीत आहे. भाकरीत निघालं तर कळवीन. मोबाईलवाल्या बन्सीनं फोन हातात घेतला, हलवला, दाण्यांचा आवाज ऐकला आणि परत माझ्या हातात ठेवला. नवं सिम काढावं तर ते तुमच्या नावावर, त्याला तुमचाच अंगठा लागतो, आणि तुमचा अंगठा ऊसतोडीला कोल्हापूरकडे.

आता मूळ मुद्द्याकडे येते, पण त्याच्या आधी कॉलेजचं थोडं सांगायला हवं, नाहीतर आईला काही कळायचं नाही (तिला वाचून दाखवताना गाळू नका, मागच्या पत्रातलं निम्मं गाळलं होतंत ते मला कळलं आहे). विद्यापीठानं आमच्यासारख्या आडबाजूच्या कॉलेजांतल्या पोरांना संगणक यावा म्हणून एक योजना काढली आणि आमच्या कॉलेजला वीस संगणक दिले, हे तुम्हाला माहीत आहे. गोरक्ष सरांनी त्यांना इतकं जपलं की चपला बाहेर, पाय धुऊन आत, आणि वीज गेली की लगेच प्लास्टिकची टोपडी घाल. दसऱ्याला पूजा झाली. कळफलकावर कुंकू इतकं सांडलं की अजूनही स्पेसचं बटण दाबलं की बोट लाल होतं. पण खरी गंमत आम्हा पोरांची. फोनवर आम्ही सगळे राजे. वर्गातली पोरं अंगठ्यानं अशी रील करतात की बघत राहावं. संगणकापुढं बसवलं तेव्हा त्याच दोन अंगठ्यांनी आम्ही कळफलक बडवायला लागलो, आणि एकानं तर पडद्यावर बोट फिरवून त्याला वर सरकवायचा प्रयत्न केला. सरांनी सांगितलं, मला एक अर्ज ईमेलनं पाठवा. मी वहीच्या पानावर छान अक्षरात अर्ज लिहिला, जमिनीवर ठेवून त्याचा फोटो काढला आणि पाठवला. त्यात आजीचा पाय आला होता. सरांनी वर्गात तो पडद्यावर मोठा करून दाखवला. बी.ए. करणाऱ्या पोरीला अर्ज कसा पाठवायचा हे येत नाही, याची मला त्या दिवशी लाज वाटली, आणि मी त्या संगणकाच्या हात धुऊन मागं लागले.

पण शिकायला बसलो की एक वेगळीच अडचण निघायची. आपल्याकडच्या पोरींची विद्यापीठाची खाती पहिल्या वर्षाला नाव घालताना बन्सीनंच काढून दिलेली. प्रत्येकीच्या खात्याला त्यानं घरातला एकच नंबर जोडला, बापाचा. आणि गेल्या हंगामात बाप सगळे साखर कारखान्यांवर. सरांनी अकरा वाजता म्हणावं, चला, आपापलं खातं उघडा, की तिकडं तीन-चार जिल्ह्यांतल्या फडांत बापांच्या कमरेला बांधलेले फोन वाजायचे. मग आम्ही सगळ्या बाहेर व्हरांड्यात, फोन कानाला, आलेला नंबर सांगा हो, लवकर सांगा, दहा मिनिटांत मरतो तो! अश्विनीच्या वडिलांनी घाईघाईत ट्रॅक्टरचा नंबर सांगितला. दुसऱ्या एकीच्या वडिलांनी सांगितलं की मेसेज आलाय खरा, पण हातात कोयता आहे, जेवायच्या सुट्टीत वाचतो. तुम्ही मात्र सगळ्यात तरबेज होतात. पहिल्या घंटीला उचलायचात आणि एकेक आकडा दोनदा सांगायचात. सर म्हणायचे, राजेश्वरीचे वडील म्हणजे आपल्या वर्गाचे सर्व्हर आहेत. (ही चांगली गोष्ट असते.)

म्हणूनच मला वाटलं की तुम्हाला आणि गावातल्या सगळ्यांनाच थोडं सावध करायला हवं. मी योजनेत 'डिजिटल साथी' झालेच होते, म्हणजे आपण शिकायचं आणि गावाला शिकवायचं. यंदा तुम्ही सगळे टोळीला निघायच्या आधी मारुतीच्या सभामंडपात आपण ती सभा घेतली. त्या दिवशीचा प्रकार मी पुन्हा लिहीत नाही. बरं, लिहिते, कारण तो पुरावा दुसरा आहे. अश्विनी देवळाच्या मागं लपली होती. ठरल्याप्रमाणे तिनं सरांच्या फोनवरून तुम्हाला फोन लावला आणि रडक्या आवाजात म्हणाली, अण्णा, मी राजी, माझा फोन बिघडलाय, दुसऱ्याच्या फोनवरून बोलतेय, तुम्हाला आलेला नंबर लवकर सांगा. मी तुमच्या समोर उभी होते, अण्णा. चार हातांवर. मंडपात माईक हातात घेऊन. आणि तुम्ही माझ्याकडं बघत बघत फोनमध्ये म्हणालात, "थांब बाळा, रडू नको, सांगतो," आणि सगळे आकडे दोन-दोनदा सांगून टाकलेत. मंडप असा हसला की कबुतरं उडाली. तुम्ही मागं जाऊन खांबाला टेकून बसलात आणि तंबाखू मळत राहिलात, ते मी पाहिलं. घरी आल्यावर तुम्ही माझ्या गळ्याला हात लावून शपथ घेतलीत, की आता प्रत्यक्ष तू जरी फोन केलास तरी आकडा सांगणार नाही. मी म्हणाले, शाब्बास अण्णा! (हे मी म्हणाले, हेही लक्षात आहे. तुम्ही आठवण करून द्यायची गरज नाही.)

आता झालं असं की विद्यापीठाच्या नगरच्या केंद्रात सहा महिन्यांचा संगणकाचा वर्ग निघाला आहे. प्रत्येक कॉलेजातून एकच जण. राहायला मुलींचं वसतिगृह, जेवण आत, आणि वर्ग पुरा केला की परत आपल्याच तालुक्यातल्या कॉलेजांत पोरांना शिकवायला नेमणार. आमच्या कॉलेजातून माझं नाव आलं. खरंच आलं. सरांनी फळ्यावर लिहिलं तेव्हा मी मागं वळून दुसरी कुणी राजेश्वरी आहे का ते पाहिलं. आता फक्त महिनाअखेरपर्यंत माझं खातं उघडून 'मी येते' या बटणावर टिचकी मारायची. एवढंच काम. नाही मारली तर नाव आपोआप खालच्याकडं जातं, आणि खाली आहे पार्थ. त्याच्या घरी लॅपटॉप आहे, त्यावर तो क्रिकेटच्या मॅचेस बघतो. पोरगा वाईट नाही, पण रोज सकाळी फाटकाशी उभा राहून इतक्या मऊ आवाजात विचारतो, झालं का गं राजेश्वरी? की मला हातातली वही त्याच्या डोक्यात घालावीशी वाटते.

मी खातं उघडायला बसले, नंबर तुमच्याकडं गेला, मी अश्विनीच्या फोनवरून तुम्हाला फोन लावला आणि म्हणाले, अण्णा, मी राजी, माझा फोन बिघडलाय, दुसऱ्याच्या फोनवरून बोलतेय, तुम्हाला आलेला नंबर लवकर सांगा. बोलता बोलता माझ्याच लक्षात आलं की मी काय बोलतेय, पण वेळ गेलेली होती. तू माझी राजी नाहीसच, इथून सुरुवात करून तुम्ही जे बोललात ते फोनच्या बाहेर अश्विनीला, तिच्या मागच्या दोघींना आणि शिपाईमामांना ऐकू गेलं. दुसऱ्या दिवशी बन्सीच्या फोनवरून लावला. तुम्ही म्हणालात, काल मुलगी होती, आज दुकान काढलं व्हय? मग गोरक्ष सर म्हणाले, थांब, मी बोलतो. सर तुम्हाला माहीत आहेत, त्यांचं बोलणं पुस्तकातल्यासारखं. त्यांनी सुरुवातच केली, नमस्कार, मी प्राध्यापक डॉक्टर अमुक तमुक, आपल्या कन्येच्या शैक्षणिक हितासाठी. तुम्ही त्यांना म्हणालात, "इतकं शुद्ध बोलतंय म्हंजी चोरच हाय. माझ्या पोरीनं समदं शिकवलंय मला." सरांचं तोंड बघण्यासारखं झालं. पण माणूस मोठा, अण्णा. त्यांनी रागावायच्या ऐवजी ही हकिकत विद्यापीठाला पाठवायच्या अहवालात 'यशोगाथा' म्हणून घातली, की आमच्या प्रशिक्षणामुळे एका ऊसतोड मजुरानं खुद्द प्राध्यापकालाही ओटीपी दिला नाही. विद्यापीठाकडून अभिनंदनाचा ईमेल आला. तुमचं नाव आहे त्यात. खातं मात्र उघडलेलं नाही.

तिसऱ्यांदा मी पुन्हा अश्विनीच्या फोनवरून लावला आणि घरातल्या खुणा सांगायला लागले, की आपल्या दाराला अमुक, आजीला तमुक. तर तुम्ही म्हणालात, हल्लीचे चोर आधी घराची माहिती काढतात, हेसुद्धा पोरीनं सांगितलंय. (सांगितलंय. काय करू!) मग, चोरा, कष्टाचं खायला शीक, असं ऐकवून तुम्ही फोन ठेवलात. ठेवायच्या आधी आणखी एक गोष्ट बोललात, त्याचं शेवटी सांगते. चौथ्या वेळी मुकादमाला लावला तर तो उलट माझ्याकडंच तक्रार करायला लागला, की तुझा बाप आता कुणालाच ओळखेनासा झालाय, काल ट्रॅक्टरच्या ड्रायव्हरला म्हणाला, आधी आधार कार्ड दाखव. पाचवा उपाय म्हणून विद्यापीठाच्या मदत क्रमांकावर फोन केला की माझ्या खात्याला जोडलेला नंबरच बदलून द्या. एक बाई फार गोड बोलल्या. म्हणाल्या, अगदी सोपं आहे, जुन्या नंबरवर ओटीपी येईल तो सांगा. मी त्यांना विचारलं, ताई, तुमचे वडील कुठं असतात? त्या म्हणाल्या, घरीच. मग मी फोन ठेवला.

म्हणून हे पत्र. रामहरीमामा टेम्पो घेऊन तिकडं टोळ्यांची पीठ-मिरची पोचवायला निघालेत, त्यांच्याबरोबर देते आहे. पाकीट पिठाच्या खळीनं चिकटवलं आहे. मामा मनानं चांगले आहेत, पण त्यांना कागद दिसला की वाचल्याशिवाय राहवत नाही. तेव्हा मामा, तुम्ही इथपर्यंत आला असाल तर आता बस करा आणि गाडीकडं लक्ष द्या. अण्णा, तब्येतीला जपा. सकाळी उपाशीपोटी फडात शिरू नका. आईला म्हणावं उसाच्या शेंड्यांचे वाढे बांधताना हाताला फडकं गुंडाळ. आजीचे तुम्हा दोघांना आशीर्वाद, आणि चंपीचं काय करायचं ते तुम्ही आल्यावर ठरवू.

तुमची, कुणीही नक्कल केलेली नसलेली,
राजी

ता. क. सोमवारी सकाळी अकराला मी अश्विनीच्या फोनवरून फोन करीन. त्या वेळी फडात राहू नका, रस्त्याकडच्या पाण्याच्या टाकीपाशी या, तिथं रेंज असते असं आईनं मागं सांगितलं होतं. तुम्हाला खात्री करायची असेल तर मला एक प्रश्न विचारा: लहानपणी मी शाळेत जायचं नाही म्हणून कुठं लपले होते? उत्तर मी इथं लिहीत नाही, कारण रामहरीमामा. उत्तर बरोबर आलं की आकडे सांगा.

आणखी एक. तुमचं सिम काढून मामांबरोबर पाठवा म्हणणार होते, पण मग तुमचा आणि आजीचा रोजचा फोन बंद होईल. ती रतन आत्याच्या फोनवरून संध्याकाळी तुमच्याशी दोन वाक्यं बोलते आणि मग जेवते. (त्यात तिनं माझ्या नंबरचं काढलं की नेमकी तुमची रेंज जाते, ते वेगळं.) ते नको. मी नगरला गेले तर आजीचं काय, हा तुमच्या मनातला प्रश्न मला माहीत आहे. आत्या म्हणते, मी झोपायला येत जाईन. आजी म्हणते, मला काय धाड भरलीये, जाऊ दे पोरीला. मी दर शनिवारी एसटीनं येईन.

शेवटचं. हे आईला वाचून दाखवायचं की नाही ते तुम्ही ठरवा. तिसऱ्या फोनला मला चोर म्हणून झाल्यावर, फोन ठेवायच्या आधी, तुम्ही आवाज खाली करून म्हणालात, "जेवलीस का गं?" मी तेव्हा इतकी चिडलेली होते की ते कानावरून गेलं. दुसऱ्या दिवशी भाकरी थापता थापता एकदम आठवलं आणि भाकरी तव्यावरच करपली. चोराला कुणी असं विचारत नाही, अण्णा. म्हणजे तुम्ही मला ओळखलं होतं. बहुतेक पहिल्याच फोनला. मंडपात अश्विनीच्या खोट्या रडण्याला सगळे आकडे सांगून टाकणारा माणूस माझ्या खऱ्या आवाजाला फसवा कसा म्हणेल? वर एवढे पुरावे लिहिले खरे, पण लिहिताना मला हे माहीत होतं.

मी नगरला जाऊ नये असं तुम्हाला वाटतंय आणि तुमच्या तोंडून 'नाही' निघत नाहीये, कारण माझी पोरगी संगणक शिकवते असं अख्ख्या टोळीला तुम्हीच सांगून बसला आहात. नाही म्हणायचं असेल तर सोमवारी तोंडानं नाही म्हणा. मी भांडेन, ते तुम्हाला ठाऊकच आहे. पण तू माझी राजी नाहीस, एवढं पुन्हा म्हणू नका. ते चेष्टेतसुद्धा मला सोसलं नाही.

वरचा लपायच्या जागेचा प्रश्न राहू द्या. सोमवारी फोन उचललात की जेवलीस का, एवढंच विचारा, मग आकडे सांगा नाहीतर नाही म्हणा. आणि त्या दिवशीचं विचारत असाल तर नव्हते जेवले. तुमचा फोन ठेवल्यावर जेवले.